फुगवटा

20 ऑक्टोबर 1969. फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्ग शहरात कादंबरीकार जॅक केरुअ‍ॅक याला घरीच रक्ताची उलटी झाली. रुग्णालयात रक्त चढवलं, शस्त्रक्रिया केली, तरी स्राव थांबेना. दुसऱ्या दिवशी तो गेला. वय 47. वर्षानुवर्षांच्या दारूने यकृताचा सिरॉसिस झाला होता. पण रक्त यकृतातून नव्हे, अन्ननलिकेतून वाहिलं.

असं का होतं, हे धरणाकाठच्या माणसाला चटकन कळेल. भिंत उभी राहिली की पाणी मागे सरतं आणि फुगवटा भलत्याच ओढ्यांत शिरतो. आतडी आणि प्लीहेकडचं रक्त पोर्टल व्हेन या मोठ्या शिरेतून यकृतात येतं. यकृताला मिळणाऱ्या रक्ताचा सुमारे पाऊण वाटा हाच. सिरॉसिसमध्ये यकृतभर व्रणाच्या गाठी होतात, वाट आवळते. अडलेलं रक्त अन्ननलिकेच्या तळाशी असलेल्या बारीक शिरांत घुसतं आणि त्या फुगतात. यकृताच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक एरवी पाऱ्याच्या 5 मिलिमीटरपर्यंत असतो. तो 10 वर गेला की शिरा फुगू लागतात, 12 नंतर फुटण्याची भीती.

या शिरा दुखत नाहीत. घास अडकत नाही. म्हणूनच घरातल्यांना पहिली खबर मिळते ती थेट रक्ताच्या उलटीने किंवा डांबरासारख्या काळ्या शौचाने. आणि हा फक्त दारुड्यांचा आजार, ही समजूत तर घातकच आहे: हिपॅटायटिस बी, सी आणि मधुमेह-लठ्ठपणाबरोबर येणारं फॅटी लिव्हरही इथेच आणून सोडतं.

1950 साली सेंगस्टाकेन आणि ब्लेकमोर या डॉक्टरांनी फुग्याची नळी आणली. आतून दाबून रक्त थोपवायचं. आजही ती अगदी शेवटी, काही तासांपुरती वापरतात. 1980च्या दशकात डेन्व्हरच्या ग्रेग स्टीगमन यांनी मूळव्याधीला रबरी कडं लावण्याची युक्ती दुर्बिणीतून अन्ननलिकेत नेली. तेच आजचं बँडिंग. पॅरिसजवळ डिडिए लब्रेक यांनी हृदयविकाराचं औषध प्रोप्रॅनोलॉल पोर्टल व्हेनच्या दाबावरही चालतं, हे दाखवलं. जठरातल्या फुगलेल्या शिरांचं दिल्लीच्या डॉ. शिवकुमार सरीन यांनी केलेलं वर्गीकरण जगभर वापरलं जातं. यकृतातूनच रक्ताला वाट काढून देण्याचा प्रयोग जोसेफ रॉश यांनी कुत्र्यांवर प्रसिद्ध केला तो 1969 मध्येच, केरुअ‍ॅक गेला त्या वर्षी. माणसात अशा वाटेत जाळी बसायला 1988 उजाडलं, जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये.

सगळ्यात चकित करणारी गोष्ट मात्र रक्ताचीच. रुग्ण रक्त ओकतोय म्हटल्यावर नातेवाईक रक्तपेढीकडे धावतात, जितक्या पिशव्या मिळतील तितक्या हव्या असतात. बार्सिलोनातल्या डॉक्टरांनी पचनमार्गाच्या वरच्या भागातून तीव्र रक्तस्राव झालेल्या 921 रुग्णांवरचा अभ्यास 2013 मध्ये मांडला. हिमोग्लोबिन 7 च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेल्यांपैकी 95 टक्के सहा आठवड्यांनी जिवंत होते; 9 च्या खाली जाताच दिलेल्यांत हे प्रमाण 91 टक्के. सिरॉसिसमध्ये जादा रक्ताने पोर्टल व्हेनचा दाब वाढतो. फुगवट्यात आणखी पाणी सोडल्यासारखंच ते. डॉक्टर हात आखडता घेतात तेव्हा तो हलगर्जीपणा नसतो, हे रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या रुग्णाच्या मुलाला कुणीतरी समजावून सांगायला हवं.

पण शिरा फुटण्याआधीही अनेकदा खूण मिळते, तीही साध्या रक्ततपासणीत. रक्त तुंबल्याने प्लीहा मोठी होते, प्लेटलेट अडकून पडतात आणि मोजणीत कमी दिसतात. आपल्याकडे प्लेटलेट उतरल्या की डेंग्यू आठवतो. ताप नाही, यकृताचा आजार मात्र जुना आहे आणि आकडा दीड लाखाच्या खाली आहे, तर तो अहवाल पोटविकारतज्ज्ञाला दाखवून दुर्बिणीची तपासणी लागेल का, हे विचारायची वेळ झालेली असते.