जीपमध्ये कोणते ऑइल घालावे : सिंथेटिक की साधे?

जांब समर्थ हे घनसावंगी तालुक्यातील गाव समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून सर्व महाराष्ट्राला माहीत आहे. पण या भागात गाडी चालवून पोट भरणाऱ्याला गावाची आणखी एक ओळख आहे, ती म्हणजे येथील काळी माती आणि पाणंदीचे रस्ते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी या पट्ट्यात आले, ऊस वाढला, अंकुशनगर आणि तीर्थपुरीला कारखाने झाले. उसाच्या फडापर्यंत मजूर, डिझेल, खत आणि सुटे भाग पोहोचविणाऱ्या जीप, पिकअप आणि ट्रॅक्टर यांच्यावर अनेकांची घरे चालतात. त्यांत आपले गॅरेजवाले, स्पेअर पार्टचे दुकानदार आणि गाडीमालक बंधूही आहेत.

जीपचा विषय निघाला म्हणून एक आठवण. हिंदुस्थानात जीप रुजविणारी कंपनी १९४५ साली स्थापन झाली, तेव्हा तिचे नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ असे होते. भागीदार मलिक गुलाम मुहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले व तेथील पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ साली कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले.

हल्ली गॅरेजवर एक प्रश्न वारंवार विचारला जातो. दुकानात साध्या ऑइलच्या शेजारी दुपटीहून अधिक किमतीचा सिंथेटिकचा डबा ठेवलेला असतो. शेतरस्त्यावर चालणाऱ्या गाडीला तो घ्यावा का? याचे उत्तर हो किंवा नाही असे एका शब्दात देता येत नाही. हिशेब समजून घ्यावा लागतो.

फरक कशात आहे?

दोन्ही ऑइलांत मूळ तेल आणि त्यात मिसळलेली रसायने असतात. साध्या ऑइलचे मूळ तेल खनिज तेल गाळून, शुद्ध करून काढतात. त्यात लहान-मोठे सर्व प्रकारचे कण राहतात. हलके कण उष्णतेने उडून जातात, काही कण लवकर जळून घट्ट होतात. सिंथेटिकचे मूळ तेल रासायनिक क्रियेने तयार केलेले असते, त्यामुळे त्याचे कण बरेचसे एकसारखे असतात. म्हणून ते अधिक उष्णता सोसते, कमी उडते आणि थंडीत कमी घट्ट होते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘सिंथेटिक’ या शब्दाचा अर्थ सगळीकडे एकच नाही. अमेरिकेत मोबिलने कॅस्ट्रॉलविरुद्ध तक्रार केली होती की खनिज तेलावरच जास्त प्रक्रिया करून केलेल्या ऑइलला सिंथेटिक म्हणू नये. १९९९ साली जाहिरातींच्या तक्रारी पाहणाऱ्या तेथील मंडळाने कॅस्ट्रॉलच्या बाजूने निकाल दिला. तेव्हापासून अशी ऑइलेही सिंथेटिक म्हणून विकली जातात. ती वाईट नाहीत. परंतु नुसता शब्द वाचून पैसे मोजू नयेत, डब्याच्या मागची बाजू वाचावी.

डब्यावरील आकडे

डब्यावर दोन खुणा महत्त्वाच्या असतात. पहिली जाडीची, उदाहरणार्थ १५डब्ल्यू-४०. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतील वागणूक सांगतो, नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरची जाडी सांगतो. १५डब्ल्यू ऑइलची थंडीतील चाचणी शून्याखाली २० अंशांवर होते, ५डब्ल्यूची शून्याखाली ३० अंशांवर. जालना जिल्ह्यात कडाक्याच्या हिवाळ्यातही पारा शून्याच्या वरच असतो. म्हणजे सिंथेटिकचा थंडीतील जो मोठा गुण लडाखात कामाला येतो, त्याचे पैसे आपण येथे फुकट मोजतो. आपल्याकडे खरी परीक्षा उन्हाळ्याची. मे महिन्यात भरल्या गाडीने पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढ चढताना इंजिन तापते, तेथे सिंथेटिकचा गुण दिसतो.

दुसरी खूण दर्जाची. डिझेल इंजिनासाठी एपीआय सीएच-४, सीआय-४, सीके-४ अशी अक्षरे असतात. ‘सी’नंतरचे अक्षर जितके पुढचे, तितका दर्जा नवा. कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या दर्जापेक्षा खालचे ऑइल कधीही घालू नये, मग ते सिंथेटिक असो वा साधे. पुस्तकाप्रमाणे दर्जा असलेले साधे ऑइल हे दर्जा नसलेल्या महागड्या ऑइलपेक्षा केव्हाही चांगले.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. यांतील बहुतेक डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडविणारी जाळी असते. तिला कमी राखेचे ऑइलच लागते. जुन्या जीपचे ऑइल अशा गाडीत घातले, तर राख साचून जाळी हळूहळू तुंबते आणि ती बदलण्याचा खर्च मोठा येतो. या गाड्यांत सिंथेटिक की साधे हा वाद घालू नये. पुस्तकात जे लिहिले आहे तेच घालावे.

धुळीपुढे दोन्ही सारखे

आता मुख्य मुद्दा. सिंथेटिक ऑइलचा सर्वांत मोठा लाभ म्हणजे ते जास्त दिवस टिकते. महाग असले तरी उशिरा बदलावे लागते, म्हणून परवडते. हे गणित डांबरी रस्त्याचे आहे. समजा इंजिनात ६ लिटर ऑइल बसते, साधे ऑइल ३०० रुपये लिटर, सिंथेटिक ७०० रुपये लिटर आणि फिल्टर ४०० रुपयांचा. (भाव कंपनीप्रमाणे बदलतात, हे आकडे फक्त हिशेबासाठी धरले आहेत.) साधे ऑइल १० हजार किलोमीटरला बदलले तर खर्च २,२०० रुपये, म्हणजे किलोमीटरला २२ पैसे. सिंथेटिक २० हजारांना बदलले तर ४,६०० रुपये, म्हणजे २३ पैसे. खर्च जवळपास सारखाच आणि इंजिनाला संरक्षण अधिक. येथपर्यंत सिंथेटिक जिंकते.

पण पाणंदीतल्या गाडीचे काय? ऑइल दोन कारणांनी संपते. एक, ते स्वतः उष्णतेने खराब होते. दोन, त्यात बाहेरची घाण येते, म्हणजे धूळ, काजळी, डिझेल आणि पाणी. पहिल्या कारणाला सिंथेटिक तोंड देते. दुसऱ्यापुढे ते साध्या ऑइलइतकेच हतबल आहे. धुळीतील वाळूचे बारीक कण लोखंडापेक्षा कठीण असतात. ते ऑइलमध्ये मिसळले की रिंग, लायनर आणि बेअरिंग घासली जातात. म्हणून अशा गाडीचे ऑइल लवकर बदलावेच लागते. दोन्ही ऑइले ५ हजारांना बदलली, तर साध्याचा खर्च किलोमीटरला ४४ पैसे आणि सिंथेटिकचा ९२ पैसे. येथे गणित उलटते.

किलोमीटरचा काटाही येथे फसवा असतो. महामार्गावर ताशी ६० च्या वेगाने १०० तासांत ६ हजार किलोमीटर होतात. शेतरस्त्यावर ताशी १५ च्या वेगाने तेवढ्याच तासांत केवळ दीड हजार होतात, इंजिन मात्र तितकेच चाललेले असते. ट्रॅक्टरवाले ऑइल तासांवर बदलतात, तीच पद्धत शेतात राबणाऱ्या जीपलाही योग्य आहे.

मग कोणी काय घ्यावे?

टर्बो नसलेली जुनी जीप, जी धुळीत चालते : दर्जा तपासून साधे १५डब्ल्यू-४०, आणि वेळेआधी बदल. वाचलेल्या पैशात हवेचा फिल्टर घ्यावा. जुन्या गाडीत ऑइल-बाथ असेल तर धुळीच्या दिवसांत तो रोज पाहावा. इंजिनाचे आयुष्य डब्यापेक्षा या फिल्टरवर जास्त अवलंबून असते.

टर्बो असलेली, भार ओढणारी गाडी : टर्बोत ऑइल फार तापते, म्हणून पुस्तकात परवानगी असेल तर सिंथेटिक फायद्याचे. पण धुळीत चालत असेल तर बदलण्याची मुदत वाढवू नये.

नाल्याच्या पाण्यातून गेलेली गाडी : डिपस्टिक काढून पाहावी. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेले आहे, इंजिन सुरू न करता ते काढून टाकावे. गिअर आणि डिफरेन्शिअलचे ऑइलही पाहावे.

काही गैरसमजही दूर व्हावेत. डिझेल इंजिनात ऑइल लवकर काळे पडते, ते काजळी धरून ठेवते म्हणून. नुसत्या रंगावरून ते संपले असे समजू नये. एकदा सिंथेटिक घातले की परत साधे घालता येत नाही, हेही खरे नाही. मोटारसायकलमध्ये मात्र मोटारीचे ऑइल घालू नये, तिचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो व घसरतो. तिच्या डब्यावर ‘जासो एमए’ ही खूण पाहावी.

विकणाऱ्याची जबाबदारी

शेवटी आपल्या दुकानदार आणि मिस्त्री बंधूंशी दोन शब्द. ऑइल ही अशी वस्तू आहे की गिऱ्हाइकाला तिची पारख करता येत नाही. वापरलेले ऑइल गाळून जुन्या डब्यात भरून विकले, सुट्या ऑइलच्या मापात कमी दिले, किंवा साधे घालून सिंथेटिकचे पैसे घेतले, तर ते त्याला सहा महिन्यांनी इंजिन बसल्यावर कळते. तोवर त्याच्या ऊसतोडीचा हंगाम आणि गाडीचा हप्ता दोन्ही गेलेले असतात.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात एका धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतला माल ओला निघाला. पावसाने भिजला, असे व्यापाऱ्याने सांगितले. त्यावर प्रेषितांनी त्याला भिजलेला माल वर ठेवण्यास सांगितले, म्हणजे लोकांना दिसेल. आणि फसविणारा आपल्यातला नव्हे, अशी स्पष्ट ताकीद दिली. कुरआनातील सूरह अल-मुतफ्फिफीन तर मापात मारणाऱ्यांच्याच नावाने आहे. म्हणून डबा गिऱ्हाइकासमोर फोडावा, रिकामा झाल्यावर त्याला भोक पाडावे, म्हणजे तो पुन्हा भरून विकला जाणार नाही. काढलेले ऑइल नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. ते परवानाधारक प्रक्रिया केंद्राकडेच द्यावे, कायद्याने तो घातक कचरा आहे.

धुळीतल्या जुन्या जीपला महाग डब्याची गरज नसेल, तर तसे गिऱ्हाइकाला सांगावे. त्या दिवशी नफा थोडा कमी होईल. पण तो पुढच्या वेळी शेजाऱ्याला घेऊन तुमच्याच गॅरेजवर येईल, आणि बरकत म्हणतात ती हीच.