प्रोग्राम आधी मराठीत लिहा

प्रोग्रामिंग नव्याने शिकताना आपण एकाच वेळी दोन कामं करत असतो. काय करायचं ते ठरवायचं असतं, आणि ते पायथॉनच्या किंवा सीच्या व्याकरणात बसवायचंही असतं. दोन्हीची सरमिसळ झाली की कुठे अडलं आहे तेच कळत नाही. ही कामं वेगळी करण्याची साधी सोय म्हणजे स्यूडोकोड, म्हणजेच प्रोग्रामचा कच्चा मसुदा. तो कॉम्प्युटरला चालवता येत नाही, पण माणसाला एकेक ओळ वाचून तंतोतंत पाळता येतो. त्याला ठरलेलं व्याकरण नाही, त्यामुळे तो मराठीत लिहायला काहीच हरकत नाही. मी तर मराठीतच लिहा असं आग्रहाने सांगेन. विचार ज्या भाषेत होतो, त्या भाषेत त्यातली चूक लवकर दिसते.

उदाहरण मनमाड स्टेशनचं घेऊ. मुंबई–भुसावळ मार्गाला दौंड आणि छत्रपती संभाजीनगरकडचे फाटे जिथे मिळतात, त्या या जंक्शनवर एक प्रश्न नेहमी ऐकू येतो: मुलाचं तिकीट अर्धं लागेल की पूर्ण? २१ एप्रिल २०१६ पासून आरक्षणाचा नियम बदलला, म्हणून जुनी माहिती असलेल्यांचा अजूनही गोंधळ होतो. या प्रश्नाचं उत्तर देणारा प्रोग्राम आपल्याला लिहायचा आहे.

पहिल्यांदा हातात काय येणार आणि त्यातून काय द्यायचं, ते लिहा. द्यायचं उत्तर तीनपैकी एक: शून्य, अर्धं किंवा पूर्ण. त्यासाठी मुलाचं वय, आरक्षण आहे का, आणि असल्यास वेगळा बर्थ हवा का, एवढं कळायला हवं.

मग नियम साध्या वाक्यांत मांडा. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. पाच पूर्ण झालेल्या पण बारा पूर्ण न झालेल्या मुलाला अर्धं लागतं. आरक्षणात त्याच्यासाठी वेगळा बर्थ घेतला, तर वय कितीही असो, पूर्ण भाडं पडतं. बारा पूर्ण झाले की पूर्णच.

इथे थोडं थांबा, कारण पुष्कळ चुका याच जागी जन्म घेतात. घरात आपण ‘त्याला बारावं चालू आहे’ असं म्हणतो, तेव्हा त्याची अकराच वर्षं पूर्ण झालेली असतात. प्रोग्रामला वय विचारायचं ते कोणतं? ‘पूर्ण झालेली वर्षं’ असं मसुद्यात स्पष्ट लिहा.

आता पहिला प्रयत्न, फक्त वयापुरता:

वय १२ पेक्षा कमी असेल तर: अर्धं
नाहीतर, वय ५ पेक्षा कमी असेल तर: शून्य
नाहीतर: पूर्ण

वाचायला हे बरोबर वाटतं. तीन वर्षांच्या मुलीला यातून नेऊन पाहा. तीन हे बारापेक्षा कमी, म्हणून पहिल्याच ओळीत तिला अर्धं तिकीट लागलं. पुढची ओळ तिच्यापर्यंत पोचलीच नाही. ‘नाहीतर’ने जोडलेल्या अटींत जी आधी खरी ठरते तीच लागू होते. नवशिक्यांची ही नेहमीची चूक. ती टाळायला अरुंद अट वर आणि रुंद अट खाली ठेवा.

बर्थ धरून सुधारलेला मसुदा असा:

वय (पूर्ण वर्षं) विचारा
आरक्षण आहे का, विचारा
आरक्षण असेल तर वेगळा बर्थ हवा का, विचारा
जर वय १२ किंवा जास्त असेल तर
    तिकीट = पूर्ण
नाहीतर, जर आरक्षण असेल आणि वेगळा बर्थ हवा असेल तर
    तिकीट = पूर्ण
नाहीतर, जर वय ५ पेक्षा कमी असेल तर
    तिकीट = शून्य
नाहीतर
    तिकीट = अर्धं
तिकीट सांगा

आतल्या ओळी थोड्या सरकवून लिहिल्या आहेत, म्हणजे कोणती ओळ कोणत्या अटीखाली येते ते डोळ्यांना दिसतं. पायथॉनमध्ये ही जागा सोडणं सक्तीचंच असतं, तेव्हा सवय इथूनच लावा.

ओळ किती बारीक लिहावी, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. ‘योग्य तिकीट ठरवा’ ही ओळ निरुपयोगी, कारण सगळं काम तिच्यातच दडलं आहे. उलट कंस आणि अर्धविराम जपत बसलात, तर तो मसुदा राहत नाही. शेजारच्याने आपल्याला काही न विचारता ती ओळ पाळली, तर ती पुरेशी बारीक आहे.

काही जण आधी फ्लोचार्ट, म्हणजे चौकटी-बाणांची आकृती काढायला सांगतात. दोन-तीन अटींसाठी ती छान. अटी वाढल्या की बाण एकमेकांत अडकतात, आणि मधे नवी चौकट घालायला सगळी आकृती पुसावी लागते. ओळींमध्ये ओळ सहज घालता येते.

कोड लिहिण्याआधी कागदावर ड्राय रन करा, म्हणजे आपणच कॉम्प्युटर होऊन एकेक ओळ चालवा. वय, आरक्षण, बर्थ, तिकीट असे रकाने आखा. आठ-नऊसारखी मधली वयं घेऊन फार काही सापडत नाही. ४, ५, ११ आणि १२ घ्या. ‘पेक्षा कमी’ आणि ‘किंवा कमी’ यांतली गल्लत नेमकी काठावरच्या आकड्यांवर पकडली जाते.

आता मसुद्याची खरी परीक्षा. मनमाडची पंचवटी एक्स्प्रेस बसून जायची गाडी आहे. चेअर कार आणि सेकंड सीटिंगच्या आरक्षणात, जागा न घेता अर्धं तिकीट काढण्याची सोय पाच ते अकरा वर्षांच्या मुलांना नाही. तिथे पूर्ण भाडं पडतं. म्हणजे ‘आरक्षण असेल आणि वर्ग बसण्याचा असेल तर पूर्ण’ ही ओळ घालायला हवी, आणि अर्थातच वर्गही आधी विचारायला हवा. पण ती ओळ कुठे घालायची? ‘वय ५ पेक्षा कमी’च्या वर घातली, तर मांडीवरच्या बाळालाही पूर्ण भाडं लागेल. ती त्या अटीच्या खाली आणि शेवटच्या ‘नाहीतर’च्या वर येते.

पूर्ण कुटुंबाचं भाडं काढायचं असेल, तर लूप लागतो, म्हणजे तेच काम प्रत्येकासाठी पुन्हा करणं:

एकूण = ०
प्रत्येक प्रवाशासाठी
    वरच्या नियमाने भाडं काढा
    एकूण = एकूण + भाडं
एकूण सांगा

‘एकूण = ०’ चुकून लूपच्या आत गेलं, तर दर प्रवाशाला बेरीज पुसली जाते आणि शेवटी फक्त शेवटच्याचं भाडं उरतं.

आता कोड. मसुद्याच्या ओळी पायथॉनच्या फाइलमध्ये टिप्पणी म्हणून, म्हणजे आधी हॅश (#) चिन्ह देऊन, ठेवा. हॅश चिन्हानंतरचा मजकूर कॉम्प्युटर वाचत नाही. प्रत्येक ओळीखाली तिचा कोड लिहा. एक अडचण इथे हमखास येते: इनपुटने घेतलेलं वय पायथॉन मजकूर समजतो, आकडा नाही, म्हणून पाचशी तुलना करताच तो अडतो. इंट वापरून त्याचा आकडा करून घ्या. वय ‘१२’ असं देवनागरीत टाइप केलं, तरी इंटला ते समजतं.

उत्तर चुकलंच, तर कोड खरवडत बसू नका. तेच वय कागदावरच्या मसुद्यातून न्या. तिथेही उत्तर चुकलं, तर नियम चुकीचा मांडला आहे. तिथे बरोबर आलं, तर चूक कोड लिहिताना झाली आहे, आणि ती कोणत्या ओळीखाली शोधायची ते टिप्पणी दाखवतेच.