पायाखालचे लाकूड

शिडाच्या नौकेवर डोळ्यांत भरते ते चकचकीत रोगण. पण श्रोतेहो, जेथे पाऊल पडते तेथे हीच चकाकी घातक. ओल्या रोगणावरून घसरलेला माणूस थेट समुद्रात जायचा! शिवाय ते उन्हाने तडकते आणि आत शिरलेले पाणी लाकूड काळवंडते. म्हणून उघड्या डेकवरचे सागवान कोरेच ठेवावे. अंगचे तेल त्याला पुरते. मुंबईत १८१७ साली मलबारी सागाची बांधलेली ‘त्रिंकोमाली’ हार्टलपूलला अद्याप तरंगते आहे. कोरा साग करडा पडतो, शोभत नाही, हे मान्य. पण पाय धरतो. तो खाऱ्या पाण्याने, रेषांना आडवा, हलकेच घासावा. उभा घासल्यास मऊ भाग झिजून खाचा पडतात. खालच्या खोलीत ऊन नसते, तेथे पॉलियुरेथेनचे पातळ थर टिकतात. पायऱ्यांवर मात्र थर ओला असतानाच बारीक वाळू भुरभुरावी.