संशोधनासाठी संगणकाची जुळणी : घटकांच्या निवडीचा क्रम

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला संगणक हे आज वही-लेखणीइतकेच नित्याचे साधन झाले आहे. तथापि त्या साधनाची निवड पुष्कळदा कार्याचा विचार न करताच होते. तयार यंत्र घ्यावे, की सुटे भाग निवडून ते जुळवून घ्यावे, असा प्रश्न विभागापुढे आला, की चर्चेचा आरंभ प्रोसेसरच्या नावापासून होतो. वस्तुतः तो संशोधनसामग्रीपासून व्हावयास हवा. अनुदान एकदा मिळते आणि त्यातून घेतलेल्या यंत्राला पुढील कित्येक वर्षे ध्वनिमुद्रणांचा व लिखित संग्रहांचा भार वाहावयाचा असतो. सुटे भाग निवडण्याचा खरा लाभ हा, की कोणत्या भागावर अधिक खर्च करावयाचा व कोणत्या भागावर कमी, हे कार्यानुसार ठरविता येते. कार्यच निश्चित केले नाही, तर तो लाभ उरत नाही.

एक उदाहरण घेऊ. महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्या सीमेवर, बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोदच्या परिसरात निहाली ही भाषा बोलली जाते. ज्ञात भाषाकुलांपैकी कोणत्याही कुलात तिचा निर्विवाद समावेश करता आलेला नाही आणि तिचे भाषक अल्पसंख्य आहेत. समजा, एखाद्या विभागाने अशा भाषेचे २०० तासांचे ध्वनिमुद्रण केले आहे. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा मुद्रणासाठी किमान ४८ किलोहर्ट्‌झ व २४ बिट हे प्रमाण धरले जाते. दोन वाहिन्यांचे मुद्रण असल्यास सेकंदाला २,८८,००० बाइट, म्हणजे तासाला सुमारे १०४ कोटी बाइट जागा लागते. गिगाबाइटच्या हिशेबात २०० तासांचे सुमारे २०७ गिगाबाइट होतात; ९६ किलोहर्ट्‌झ प्रमाण ठेवल्यास त्याच्या दुप्पट.

याउलट लिखित मराठीचा एक कोटी शब्दांचा संग्रह घ्यावा. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. शब्दागणिक सरासरी सहा चिन्हे व एक मोकळी जागा धरली, तर संपूर्ण संग्रह १९ कोटी बाइटांत मावतो. उपर्युक्त मुद्रणाच्या अवघ्या अकरा मिनिटांना तेवढीच जागा लागते. ध्वनीच्या अभ्यासकाचे यंत्र व लिखित संग्रहाच्या अभ्यासकाचे यंत्र ही एकसारखी का असू नयेत, हे या तुलनेवरून स्पष्ट व्हावे.

साठवणीसाठी दोन प्रकारची साधने उपलब्ध आहेत. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क स्वस्त व मोठी असते. परंतु तिला प्रत्येक वेळी योग्य जागी पोहोचण्यास सरासरी ८ ते १० मिलिसेकंद लागतात. हजारो लहान फायलींतून शोध घेताना हा विलंब साचत जातो. एसएसडीत फिरणारा भाग नसल्याने हा दोष नाही. तिच्या साटा प्रकाराची गती सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट असते. मदरबोर्डवर थेट बसणाऱ्या एनव्हीएमई प्रकारात पीसीआयईच्या चौथ्या पिढीत ती ७,००० मेगाबाइटांपर्यंत जाते. चालू काम एसएसडीवर व संग्रह हार्ड डिस्कवर, अशी विभागणी बहुतेक विभागांना पुरेशी ठरते.

साठवणीनंतर रॅमचा विचार करावा. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बूर्स्मा व डेव्हिड वेनिंक यांनी विकसित केलेला ‘प्राट’ हा ध्वनिविश्लेषणाचा कार्यक्रम संपूर्ण मुद्रण रॅममध्ये घेताना प्रत्येक नमुन्यासाठी आठ बाइट वापरतो. त्यामुळे डिस्कवर एक गिगाबाइट व्यापणारे वरील एका तासाचे मुद्रण रॅममध्ये सुमारे २.८ गिगाबाइट व्यापते. मुद्रण डिस्कवरच ठेवून त्याचा हवा तेवढा भाग पाहण्याची सोय प्राटमध्ये आहे. तथापि अनेक मुद्रणांचे एकत्र विश्लेषण करणाऱ्याने ३२ गिगाबाइट रॅम धरून चालावे. ती १६ गिगाबाइटांच्या दोन पट्ट्यांत घ्यावी, कारण दोन पट्ट्या योग्य खाचांत बसविल्यास प्रोसेसरला दोन मार्गांनी सामग्री मिळते.

आता प्रोसेसर. कोअरची संख्या वाढली की काम त्याच प्रमाणात लवकर होईल, अशी सर्वसाधारण समजूत आहे. जीन ॲमडाल यांनी १९६७ साली मांडलेल्या विचाराने ती मर्यादित होते. कामाचा जो अंश क्रमानेच करावा लागतो, तो कोअर वाढविल्याने आटोपत नाही. समजा, असा अंश ४० टक्के आहे. मग ४ कोअरमुळे काम १.८२ पट, ८ मुळे २.११ पट व १६ मुळे २.२९ पट लवकर होईल. कोअर कितीही वाढविले, तरी अडीच पटींची मर्यादा ओलांडता येणार नाही. एकेक मुद्रण उघडून स्वरांची मोजमापे घेणाऱ्या अभ्यासकाला मध्यम संख्येचे, परंतु प्रत्येकी वेगवान असे कोअर अधिक उपयोगी पडतात. शेकडो फायलींवर एकच प्रक्रिया स्वतंत्रपणे करावयाची असेल, तर मात्र अधिक कोअर सार्थ ठरतात.

ग्राफिक्स कार्डाची आवश्यकता सर्वांना नसते. ध्वनिविश्लेषण व लिखित संग्रहातील शोध यांसाठी प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स पुरते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाअखेरीस ‘एफ’ हे अक्षर असते, त्यांत ती सोय नसते, एवढे खरेदीपूर्वी पाहावे. भाषणाचे स्वयंचलित लिप्यंकन किंवा मोठी भाषा-प्रारूपे चालवावयाची असल्यास कार्ड घ्यावे लागते आणि तेथे गतीपूर्वी स्मृती पाहावी लागते. प्रारूपातील प्रत्येक प्राचलाला १६ बिट, म्हणजे दोन बाइट लागतात असे धरले, तर ७०० कोटी प्राचलांच्या प्रारूपास १४ गिगाबाइट लागतात. ४ बिटांपर्यंत संक्षेप केल्यास साडेतीन. मराठीचाही अंतर्भाव असलेल्या व २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘व्हिस्पर’च्या मोठ्या प्रारूपाला सुमारे १० गिगाबाइट कार्डस्मृती लागते, असे त्याच्या कर्त्यांनी नमूद केले आहे. एनव्हिडियाचे २०२१ मधील आरटीएक्स ३०६० हे कार्ड १२ गिगाबाइटांचे होते, तर २०२३ मधील आरटीएक्स ४०६० हे ८ गिगाबाइटांचे. नवे कार्ड अधिक वेगवान असूनही हे प्रारूप मूळ स्वरूपात जुन्या कार्डातच मावते. नव्या क्रमांकावर विसंबून खरेदी करणाऱ्याची फसगत होते ती अशी.

एवढे ठरल्यावर मदरबोर्डाचा विचार येतो. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर आतापर्यंतचे घटक पर्यायांतून निवडण्याचे होते. येथून प्रश्न अन्वयाचा आहे. प्रोसेसर व मदरबोर्ड यांचे सॉकेट एकच असले पाहिजे. एएमडीच्या एएम४ सॉकेटला डीडीआर४ रॅम लागते, २०२२ साली आलेल्या एएम५ ला डीडीआर५. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे मदरबोर्ड दोन्ही प्रकारांचे मिळतात. मात्र डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या खाचेत बसत नाही. सॉकेट जुळूनही नवा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डावर चालू होत नाही, असेही घडते. तेव्हा बायोस अद्ययावत करावे लागते, म्हणून निर्मात्याने दिलेली प्रोसेसरांची यादी आधी पाहावी. आकाराचेही तसेच. एटीएक्स बोर्ड ३०५ × २४४ मिलिमीटर असतो, मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४. कॅबिनेटमध्ये तो, कार्डाची लांबी व कूलरची उंची ही तिन्ही सामावली पाहिजेत.

विद्युत्पुरवठ्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. एएम५ वरील ६५ वॉटचा म्हणून विकला जाणारा प्रोसेसर प्रत्यक्षात ८८ वॉटपर्यंत घेऊ शकतो. आरटीएक्स ३०६० चे १७० व उर्वरित भागांचे ६० वॉट धरले, तर बेरीज ३१८ होते. यासाठी ५५० वॉटचा पॉवर सप्लाय योग्य होय. त्यावरील ‘८० प्लस’ हे चिन्ह केवळ कार्यक्षमता दर्शविते. दाब वाढल्यास वा शॉर्ट सर्किट झाल्यास संरक्षण मिळेल की नाही, हे वेगळे तपासावे लागते. यूपीएसवर लिहिलेला ‘व्हीए’ हा आकडाही वॉट नव्हे. ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस सुमारे ३६० वॉटच देतो; मॉनिटर जोडल्यावर तो जेमतेम पुरतो. अशा यंत्रासाठी १००० व्हीए घ्यावा. त्याच खोलीत ध्वनिमुद्रण होणार असेल, तर मोठे व मंद फिरणारे पंखे निवडावेत. लहान पंख्यांचा आवाज मुद्रणात उतरतो.

अनुदान अपुरे पडले, तर काय गाळावे? बहुधा गाळल्या जातात त्या राखीव प्रतींसाठीच्या हार्ड डिस्क, कारण त्यांच्यावाचून यंत्र चालू होते. हा निर्णय सर्वांत महाग पडण्याचा संभव असतो. ग्राफिक्स कार्ड पुढील वर्षी बसविता येते. त्यासाठी पॉवर सप्लाय व कॅबिनेट आधीच पुरेसे घेतले म्हणजे झाले. रॅमही वाढविता येते. नष्ट झालेले मुद्रण मात्र वाढीव अनुदानाने परत येत नाही. विशेषतः ज्याचा आवाज मुद्रित केला, तो वृद्ध भाषक दरम्यान निवर्तला असेल तर. सामग्रीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात व एक प्रत दुसऱ्या इमारतीत असावी, हा संकेत यासाठीच पाळावयाचा. एकाच यंत्रात दोन डिस्क परस्परांची प्रतिबिंबे म्हणून ठेवणे हा त्यास पर्याय नव्हे. कारण चुकून पुसलेली फाइल त्याच क्षणी दोन्हींवरून पुसली जाते.

निहालीवरील एफ. बी. जे. कायपर यांचा तौलनिक अभ्यास १९६२ साली प्रसिद्ध झाला. त्याचा आधार इतर संशोधकांनी प्रत्यक्ष भाषकांकडून जमविलेली सामग्री हा होता. ती टिकली, म्हणून दूरच्या अभ्यासकाला तीवर काम करता आले. आज जमविलेल्या सामग्रीचा असा पुढील अभ्यासक कोण असेल, हे कोणासही ठाऊक नसते. म्हणून घटकांची यादी करताना पहिल्या ओळीत राखीव प्रतींच्या डिस्क लिहाव्यात. त्यानंतर रॅम व एसएसडी, मग प्रोसेसर व त्यास अनुरूप मदरबोर्ड, पॉवर सप्लाय आणि यूपीएस. उरलेली रक्कम पाहून, आणि कार्याला खरोखर लागत असेल तरच, ग्राफिक्स कार्ड.