तंबूतली ऊब आणि धुराची वाट

कापडी तंबूसाठी हीटर घेताना सर्वांत आधी पाहायची ती त्याच्या धुराची वाट. ऊब किती, जळण किती, वजन किती हे प्रश्न त्यानंतरचे. लडाखच्या चौक्यांवरचे जवान, अमरनाथच्या वाटेवर मुक्काम करणारे यात्रेकरू, केदारनाथला ३,५८३ मीटर उंचीवर रात्र काढणारी कुटुंबे आणि हिवाळी ट्रेकला निघालेली तरुण मंडळी, या सगळ्यांना हे सारखेच लागू आहे. महाराष्ट्रातल्या शेवगावसारख्या भागात डिसेंबर-जानेवारीत पारा कधी सात-आठ अंशांवर येतो, तेव्हा अंगणातली शेकोटी पुरते. शेकोटीचा धूर मोकळ्या आभाळात जातो. तंबूत मात्र तो माणसांबरोबर कोंडला जातो.

तंबूला ऊब किती लागते याचा हिशोब सोपा आहे. तीन मीटर लांबी-रुंदीच्या, माणूस उभा राहील अशा तंबूचे कापड भिंती आणि छत मिळून साधारण ३० चौरस मीटर भरते. आत आणि बाहेर एका अंशाचा फरक असला, की एकेरी कॅनव्हासच्या दर चौरस मीटरमधून सुमारे ६ वॅट उष्णता निसटते. बाहेर उणे १० आणि आत १० अंश ठेवायचे म्हणजे फरक २० अंशांचा, आणि गळती ३,६०० वॅटची. घरातला मोठा रूम हीटर २,००० वॅटचा असतो. वारा सुटला की ही गळती आणखी वाढते. आतून दुसरे अस्तर लावले आणि दोन कापडांमध्ये हवेचा थर राहिला, तर ती जवळपास निम्म्यावर येते. म्हणून मोठ्या हीटरवर खर्च करण्याआधी अस्तर आणि जमिनीवरचे जाड अंथरूण घ्यावे. त्यात पैसा अधिक सत्कारणी लागतो.

उंचीवर हवा विरळ असते. लेह ३,५०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे दोन तृतीयांश असतो आणि साडेपाच हजार मीटरवर तो निम्म्यावर येतो. माणसाला प्राणवायू कमी पडतो, तसा ज्योतीलाही पडतो. जळण अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, गळून गेल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे असतात, आणि उंचीच्या आजाराचीही हीच असतात. त्यामुळे उंचीचा त्रास समजून माणूस तंबूतच आडवा होतो आणि वायू घेत राहतो. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर येथे फसवतो, कारण कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्त त्याला प्राणवायूने भरलेलेच दिसते आणि आकडा चांगला येतो. हीटर चालू असलेल्या तंबूत दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, तर आकडे न पाहता सर्वांना बाहेर मोकळ्या हवेत काढावे, हीटर बंद करावा आणि डॉक्टर गाठावा.

धुराच्या वाटेच्या या कसोटीवर पहिल्यांदा बाद होतो तो सिलिंडरवर चालणारा, चिमणी नसलेला गॅस हीटर. तो स्वस्त आहे, लगेच पेटतो, दुकानात सहज मिळतो, आणि म्हणूनच सर्वांत जास्त धोक्याचा आहे. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे केरळहून आलेले आठ पर्यटक, त्यांतली चार मुले, बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपले आणि दगावले. ती तर पक्क्या भिंतींची खोली होती. थंडीत गॅसची आणखी एक अडचण येते. ब्युटेन शून्याच्या आसपास वायुरूप होणेच थांबवतो, त्यामुळे टाकी भरलेली असूनही ज्योत मरगळते. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत चालतो, पण सिलिंडरमध्ये त्याचे प्रमाण किती हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसते. शिवाय एक किलो गॅस जळला की दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ होते. ती थंड कापडावर धरते, आणि पहाटे पांघरुणे ओली झालेली असतात.

बुखारीची गोष्ट वेगळी. काश्मीर-लडाखात घरोघरी आणि लष्कराच्या तंबूतंबूत दिसणारी ही लोखंडी शेगडी धूर चिमणीतून बाहेर टाकते. रॉकेलच्या बुखारीत बाजूच्या टाकीतून नळीवाटे तेल थेंबथेंब तळातल्या भांड्यात उतरते आणि तापलेल्या भांड्यात वाफ होऊन जळते. सगळे कौशल्य त्या छोट्या तोटीवर असते. ज्योत विझली आणि तोटी उघडीच राहिली, तर गरम भांड्यात तेल साचते, वाफ भरते, आणि कोणी घाईने काडी ओढली की भडका उडतो. अशा वेळी तोटी बंद करून बुखारी पूर्ण निवू द्यावी, साचलेले तेल पुसून घ्यावे आणि मगच पेटवावी. एक लिटर रॉकेलमध्ये साधारण साडेनऊ युनिट विजेइतकी उष्णता असते. थोडी चिमणीतून जाते हे धरले, तर वरच्या हिशोबातल्या एकेरी तंबूला तासाला अर्धा लिटरहून जास्त, म्हणजे दहा तासांच्या रात्रीला सहाएक लिटर तेल लागते. ते वर चढवायचे खेचरांच्या पाठीवरून, नाहीतर हेलिकॉप्टरने.

याच अडचणीवर उपाय म्हणून संरक्षण संशोधन संस्था डीआरडीओच्या दिल्लीतील ‘डिपास’ प्रयोगशाळेने ‘हिमतापक’ ही सुधारित बुखारी तयार केली. तेल निम्मे लागावे, ज्वलन पूर्ण व्हावे आणि भडका किंवा विषारी वायूने जवान दगावू नयेत, हा तिचा हेतू. लष्कराने ४२० कोटी रुपयांची मागणी नोंदवल्याचे प्रयोगशाळेने जानेवारी २०२१ मध्ये सांगितले होते.

लाकडाची बुखारी जंगलाच्या पट्ट्यात उत्तम. लडाखात सरपणच दुर्मीळ, म्हणून तिथे गोवऱ्या जळतात. बुखारी कोणतीही असो, बसवण्यात हयगय चालत नाही. चिमणी कापडातून जाते तिथे पत्र्याची चकती किंवा काचतंतूचे कापड हवे, नाहीतर कॅनव्हास पेट घेतो. तिचे टोक तंबूच्या आढ्याच्या वर असावे, म्हणजे वारा धूर परत आत ढकलत नाही. लाकूड जाळताना टोकाला ठिणग्या अडवणारी जाळी लावतात. ती काजळीने बुजते, म्हणून वरचेवर झाडावी लागते. बुखारीखाली दगड किंवा पत्रा हवा. बर्फावर तशीच ठेवली, तर बर्फ वितळून ती कलते. हवेसाठी एक फट खाली आणि एक वर मोकळी ठेवावी. रात्री बर्फ पडला तर तो तंबूच्या कडेला साचून खालची फट बंद करतो, म्हणून कोणीतरी उठून तो बाजूला सारायलाच हवा.

विजेचा हीटर धूर सोडत नाही, पण जनरेटरवर चालवला तर तेलातली दोन तृतीयांश उष्णता इंजिनातच वाया जाते. डिझेलवर चालणारे पंख्याचे हीटर ज्वलनाची हवा बाहेरून घेतात, धूर बाहेर सोडतात आणि आत फक्त गरम हवा फुंकतात. मोटारगाडीने पोचता येते अशा तळासाठी हा चांगला पर्याय आहे. त्याला १२ व्होल्टची बॅटरी लागते, आणि उंचीप्रमाणे तेल कमी करण्याची सोय नसलेले यंत्र विरळ हवेत काजळी धरते. लडाखचे अभियंते सोनम वांगचुक यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये दाखवलेला सौर तंबू दिवसाचे ऊन साठवतो. आदल्या रात्री बाहेर पारा उणे १४ पर्यंत उतरला होता आणि रात्री दहाला आत १५ अंश भरले, असे त्यांनी सांगितले होते. कायमच्या तळासाठी हा मार्ग सर्वांत आशादायक वाटतो.

पाठीवर सामान वाहणाऱ्या ट्रेकरने मात्र हीटरचा विचारच सोडावा. चांगली स्लीपिंग बॅग, खाली जाड चटई, पोटात गरम जेवण आणि गरम पाण्याची घट्ट झाकणाची बाटली एवढ्यावर रात्र निभते. बुखारी असलेल्या तंबूतही झोपण्यापूर्वी ती विझवावी. रात्रभर चालवायचीच असेल तर एकाने जागे राहावे. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे छोटे यंत्र उशाच्या उंचीवर टांगावे. थंडीत त्याची बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादा जोडी खिशात ठेवावी.

हे सारे फक्त हिमालयाचे नाही. शेवगाव-पाथर्डी भागातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडणीला जातात आणि थंडीचे महिने कारखान्यांच्या तळावर कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, काढतात. पूर्वी पाचटाची कोपी थोडीफार हवा घेई. आज तिच्यावर ताडपत्री आणि प्लास्टिकचा कागद असतो, आणि त्यातून वारा शिरत नाही. तान्ह्या लेकरासाठी निखाऱ्यांचे घमेले आत घ्यावेसे वाटणे साहजिक आहे, पण धूर न दिसणारे निखारेच सर्वांत जास्त कार्बन मोनॉक्साइड सोडतात. शेकोटी बाहेरच असावी. जवळ हाताशी पाणी असावे. आणि कारखान्यांनी गाळप सुरू होण्याआधीच प्रत्येक कोपीला जाड घोंगड्या आणि जमिनीवर घालायला सतरंज्या पुरवाव्यात.