मजकुराशेजारची रेघ

कथेसाठी चित्र काढणाऱ्याच्या हाताशी निदान माणसं आणि प्रसंग असतात. भांडण, भेट, निरोप यांतलं काही निवडलं की चित्राला सुरुवात होते. ललित लेखात बऱ्याचदा काहीच घडत नाही. लेखक पाहतो, आठवतो, विचार करतो. मग चित्रकारानं काढायचं काय?

याचं उत्तर भंडाऱ्याच्या जंगलाशी जोडलेल्या एका पुस्तकाजवळ सापडतं. व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) नागझिऱ्याच्या अरण्यात राहिले आणि त्यांनी ‘नागझिरा’ लिहिलं, तेव्हा हे रान भंडारा जिल्ह्यात होतं. १९९९मध्ये गोंदिया वेगळा झाला आणि अभयारण्याचा बराच भाग तिकडे गेला; तरी साकोली तालुक्यातल्या पिटेझरीहून आजही आत जाता येतं. माडगूळकरांना चित्रकलेची ओढ तरुणपणापासून होती. त्यांच्या पुस्तकांत त्यांच्याच हातची रेखाटनं दिसतात. लिहिणारा आणि रेखाटणारा एकच असला की दोन्ही कामांचं मूळ स्पष्ट दिसतं: आधी निरखणं, मग नोंद.

रानातलं जनावर चित्रकारासाठी बसून राहत नाही. म्हणून आधी पकडायची ती पाठीच्या कण्याची रेघ. बसलेल्या वानराचा बाक, शेपटीचा झोल, मान कुठे वळली आहे, एवढं कागदावर आलं की केस, बोटं, डोळे मागाहून भरता येतात. शेजारी चार शब्द टिपायचे: ऊन कुठून येतं, झाड कोणतं. उन्हाळ्यात इथल्या पानझडी रानातली पुष्कळ झाडं ओकीबोकी होतात आणि फांद्यांची ठेवण उघडी पडते. रेघेनं काम करणाऱ्याला हा ऋतू फार शिकवतो. अशा पाहण्यातून केवळ चित्रच घडत नाही. वानरांच्या टोळ्यांतल्या संघर्षावरच्या ज्या ‘सत्तांतर’साठी माडगूळकरांना १९८३मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्याच्या मुळाशीही असंच चिकाटीचं निरीक्षण आहे.

दुसऱ्याच्या लेखासाठी काम करताना चित्रकाराला हेच मजकुराच्या बाबतीत करावं लागतं. पहिल्या वाचनात विषय कळतो. दुसऱ्या वाचनात लेखक कुठे रेंगाळतो, कशाला बगल देतो, त्याचा सूर कसा आहे, ते कळतं. मग छोटी कच्ची रेखाटनं होतात. त्यांतली पहिली बहुधा शीर्षकाचीच चित्रं असतात. ती बाजूला ठेवायची. वाक्यानं सांगितलेलं चित्रानं पुन्हा सांगितलं, तर पानावरची जागा वाया जाते.

लेखाच्या सुरातून चित्र कसं उभं राहतं, हे चित्रकार वसंत सरवटे यांनी दाखवलं. जयवंत दळवी ‘ललित’ मासिकात ठणठणपाळ या नावानं सदर लिहीत. सरवट्यांनी त्या नावाला देह दिला, हातात हातोडा दिला. वाचकांच्या मनात तो आवाज आणि ती आकृती एकच होऊन गेली.

छपाईचाही या कलेवर मोठा प्रभाव होता. खिळ्यांच्या छपाईत जस्ताच्या ब्लॉकवर काळी रेघ स्वच्छ उमटे. करड्या छटांसाठी ठिपक्यांचा हाफटोन ब्लॉक लागे आणि खरबरीत कागदावर तो सहज बरबटे. त्यामुळे चित्रकार कमी रेघांत जास्त सांगायला शिकले. कोरी जागा कुठे सोडायची, काळा भरीव भाग कुठे ठेवायचा, रकान्याच्या रुंदीत आकृती कशी बसवायची, याचं भान त्यातूनच घडलं. आज संगणकावर हव्या तेवढ्या छटा मिळतात, तरी ते भान लागतंच.

म्हणूनच संपादकांना कळकळीनं सांगावंसं वाटतं: चित्रकाराला लेखाचा गोषवारा पाठवू नका, पूर्ण लेख द्या, तो दोनदा वाचण्याइतका वेळ द्या, आणि लेखकाच्या नावाबरोबर त्याचंही नाव ठळक छापा. लेखाचा तो पहिला बारकाईनं वाचणारा वाचक असतो, आणि त्याचं वाचन आपण सगळे पाहणार असतो.