फोटो पुसले गेले? आधी कॅमेरा बंद करा

गटाच्या स्टॉलचे, मेळाव्याचे फोटो कॅमेऱ्यातून चुकून डिलीट झाले तर घाबरू नका, पण घाईही करू नका.

पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतलं धड्याचं नाव खोडलं, तरी धडा आत असतोच ना? डिलीटचंही तसंच. फोटो कार्डावर असतो, फक्त ‘ही जागा रिकामी’ अशी नोंद होते. त्या जागेवर नवा फोटो बसला, की जुना कायमचा गेला. म्हणून पहिलं काम म्हणजे कॅमेरा बंद करायचा आणि कार्ड काढून ठेवायचं. एकही नवा फोटो काढायचा नाही.

मग कार्ड रीडर लावून कार्ड कॉम्प्युटरला जोडा. ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारलं, तर ‘नाही’ म्हणा. ‘फोटोरेक’ नावाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्यातून सापडलेले फोटो कॉम्प्युटरवरच साठवा, त्याच कार्डावर नको. फोटोंची जुनी नावं राहत नाहीत, त्यामुळे एकेक उघडून पाहावा लागतो.

कॉम्प्युटर नसेल तर दुकानात जा, पण काम समोर बसून करून घ्या. कारण आपल्याला जे परत मिळतं, ते दुसऱ्यालाही मिळू शकतं. आपले, लेकीसुनांचे फोटो असलेलं कार्ड नुसतं डिलीट करून कुणाला देऊ नका, विकू नका. नको असेल तर कात्रीने तुकडे करून टाका.

आणि हो, महत्त्वाचे फोटो नेहमी दोन ठिकाणी ठेवा.